कुरुळीच्या शेडमधलं पंचवीसचं गेज

मी पंचवीसचं गेज बोलतोय. घाबरू नका, गणित विचारणार नाही. शेतातल्या पाण्याच्या मोटरीच्या पोटात एक पितळी कडं असतं, त्याला बुश म्हणतात. त्या बुशचं भोक बरोबर पंचवीस मिलिमीटरचं आहे की नाही, एवढं एकच मला कळतं. जगातलं बाकी काही विचारलंत तर मी अगदी ढ आहे.

दिसायला मी साधा. वीतभर पोलादी दांडा आणि दोन्ही टोकांना दोन गुळगुळीत डोकी. एका डोक्यावर 'गो' कोरलंय, दुसऱ्यावर 'नो गो', आणि त्या दुसऱ्याच्या गळ्याला लाल पट्टा. 'गो' भोकात गेलं पाहिजे, 'नो गो' जाता कामा नये. दोन्ही अटी पाळल्या तर बुश पास, नाहीतर भंगारात. दोन डोक्यांच्या जाडीत फरक किती? तुमच्या एका केसाचे उभे तीन भाग केलेत तर त्यातल्या एकाएवढा. म्हणून सांगतो, माझ्याशी मोघम बोलू नका. 'साधारण', 'जवळपास', 'चालतंय की' असले शब्द मला सहन होत नाहीत.

माझा जन्म चिंचवडचा. पोलाद मात्र परदेशचं होतं, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढं त्यावरून भांडण होणार आहे. एका लहानशा कारखान्यात रंभा नावाच्या बाईनं मला दोन दिवस घासून आकार दिला. ती मला फार वेळ हातात धरायची नाही. थोडं घासायची, खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. "हाताच्या उबेनं फुगतोस होय रे लबाडा," म्हणायची. ऊब लागली की धातू फुगतो आणि गार झाला की आकसतो, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं ज्ञान. ते मला तिनं दिलं.

तिथून मला आणलं अर्जुनरावांनी. कुरुळीचे. चाकणकडं कंपन्या आल्या तेव्हा त्यांच्या घरची बरीचशी जमीन गेली. मोबदल्याच्या पैशात कुणी गाड्या घेतल्या, कुणी बंगले बांधले. अर्जुनरावांनी घराला लागून पत्र्याची शेड उभारली, धातू कातायची तीन लेथ मशीन घेतली आणि चाकणच्या एका पंपाच्या कंपनीचं बुशचं काम धरलं. त्यांचे धाकटे भाऊ बबनराव उरलेल्या रानात कांदा लावत राहिले. "दादा, आपन मातीतली मानसं. लोखंडाशी काय आपलं जमायचं?" असं ते रोज बांधावरून ओरडायचे.

लेथ चालवायला आकुर्डीहून प्रभाकर आला. बारीक अंगाचा, चष्मेवाला, बोलायला तिखट. आल्या आल्या त्यानं नियम घातला: गरम जॉबला गेज लावायचं नाही. जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला तुकडा. कापताना तो तापतो, तापला की भोक मोठं होतं. तेव्हा गेज घातलं तर सुळकन आत जातं, आणि मग पितळ गार होऊन असं आवळतं की आत गेलेलं गेज आतच राहतं.

अर्जुनरावांना कुठला दम? तिसऱ्याच दिवशी त्यांनी तापलेल्या बुशमध्ये मला घातलं आणि मी अडकलो. ओढा, पिळा, काही उपयोग नाही. प्रभाकर कपाळाला हात लावून बसला. तेव्हा अर्जुनरावांच्या मंडळी, कौशल्याबाई, भाकरी टाकता टाकता बाहेर आल्या. "आना हिकडं," म्हणाल्या आणि बुशसकट मला तापल्या तव्यावर ठेवलं. पितळ जास्त फुगतं, पोलाद कमी. मिनिटभरात बुश सैल झाला आणि चिमट्यानं ओढताच मी बाहेर आलो. प्रभाकर बघतच राहिला. "वहिनी, तुम्ही कामाला या आमच्याकडं," म्हणाला. "भाकरी कोन थापंल मग, तुमी?" असं म्हणून त्या आत गेल्या.

आठवड्याभरानं पहिला खराखुरा बुश झाला. प्रभाकरनं तो गार होऊ दिला, स्वच्छ पुसला आणि मला अगदी सरळ धरून आत लोटलं. भोक बरोबर असलं की आतली हवा हळूच बाहेर पडते, सुस्कारा टाकल्यासारखी. तो आवाज आला. 'गो' गेलं. उलटं करून लाल पट्टेवालं डोकं लावलं, ते दारातच अडलं.

"गेला!" प्रभाकर ओरडला.

"गेला, गेला!" अर्जुनरावांनी शेड डोक्यावर घेतली. शेडमधली सगळी माणसं ओरडायला लागली.

भिंतीपलीकडं स्वयंपाकघर. कौशल्याबाईंच्या कानावर तेवढाच शब्द पडला. तोंडाला पदर लावून त्या हंबरडा फोडतच अंगणात आल्या. "कोन गेला वं माझ्या देवा!" कांद्याच्या वावरातून बबनराव पळत आले, आणि नीट न विचारताच त्यांनी एकाला मोटारसायकलवर राजगुरुनगरच्या पाहुण्यांकडं धाडलंसुद्धा. आतून अर्जुनराव हसत हसत बाहेर आले. "आगं बुश गेला, बुश!" कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "कोन बुश? कुनाचा?"

दुपारी राजगुरुनगरहून दोन जीप भरून माणसं आली, तोंडं पाडून, पांढऱ्या टोप्या घालून. त्यांना पेढे दिले. एक म्हातारे पाहुणे तर पेढा हातात धरून किती तरी वेळ विचार करत बसले होते.

तेव्हापासून 'गेला' हा आमच्या शेडचा आनंदाचा शब्द झाला. इतर घरांत तो ऐकून लोक दचकतात, आमच्याकडं हसायचे. अर्जुनरावांची मुलगी प्राजक्ता दहावीचा निकाल घेऊन आली ती "आप्पा, गेला!" म्हणतच. कौशल्याबाईंनी मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. त्यांचा दंडक वेगळा. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. प्रभाकर रोज बससाठी निघताना मुकाट्यानं "वहिनी, येतो" म्हणायचा. एकदा माझ्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "ह्यो दिसभर नुसता जातोय. ह्यालाबी शिकवा, येतो म्हन म्हनावं."

पंचवीसेक वर्षं मी जात होतो आणि येत होतो. काय दिवस होते ते! सहा माणसं, तीन मशीन, तेलाचा वास, दुपारी डबे उघडले की ठेच्याचा ठसका. दरवर्षी मला चिंचवडला नेऊन तपासून आणायचे. खंडेनवमीला सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकवाचे पट्टे, पण मला दांड्यावर फक्त एक ठिपका. "डोक्याला कुंकू लागलं तर माप चुकंल," प्रभाकर म्हणायचा. मला त्या एका ठिपक्याचा फार अभिमान वाटायचा.

मग पंपाच्या कंपनीकडून काम कमी यायला लागलं. आठवड्याला सहा दिवस चालणारी शेड चार दिवसांवर आली. माणसं झाडलेल्याच जागी पुन्हा झाडू मारून वेळ काढायची. कंपनीतून कुणी नीट सांगेना. सांगितलं ते प्राजक्तानं.

ती आकुर्डीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली होती आणि चाकणच्या कंपन्यांना परदेशी माल मागवून देणाऱ्या एका ऑफिसात नोकरी करत होती. एका शनिवारी सकाळी ती शेडमध्ये आली आणि एक लहानसं खोकं टेबलावर ठेवून उभी राहिली. आत बारा बुश होते. चकचकीत, एकेक कागदात गुंडाळलेला.

"आप्पा, हे बाहेरचे नमुने आहेत. तुमच्याच पंपाच्या कंपनीनं मागवलेत. निम्म्या किमतीत मिळतायत. सोमवारी मला अहवाल द्यायचाय, पास की नापास." तिनं खोकं पुढं सरकवलं. "आमच्याकडं तपासणी माझीच आहे. पण आधी तुम्ही तपासा. तुमच्यापासून लपवून मला सही करता येणार नाही."

प्रभाकर हसला. "निम्म्या किमतीत? अगं, लाल पट्ट्यासकट आरपार जाईल गेज. आण इकडं."

त्यानं मला उचललं. मला त्याचा हात ओळखीचा. त्या दिवशी तो थोडा घामेजला होता. त्यानं पहिला बुश धरला आणि मला सरळ आत लोटलं.

काय सांगू तुम्हाला! तो सुस्कारा आला. अगदी तसाच, आमच्या पहिल्या बुशच्या वेळी आला होता तसा. मी जीव तोडून इच्छा करत होतो की कुठं तरी अडावं, कुठं तरी खरखर लागावी. पण भोक पंचवीसचं होतं हो. उलटं केलं, लाल पट्टेवालं डोकं दारात अडलं. दुसरा बुश, तिसरा, सातवा. एकही चुकेना.

बारावा राहिला तेव्हा प्रभाकरनं अर्जुनरावांकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "गेज जरा तिरकं धरलं की अडतं. चांगल्या भोकातसुद्धा अडतं. प्राजक्ता काही बघत नाहीये."

प्राजक्ता खरंच पाठ करून उभी होती. मला वाटतं तिनं मुद्दामच पाठ केली होती. शेडमधली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. केसभर तिरकं धरायचं, बस. मग त्यांचा माल नापास आणि आमची शेड चालू.

अर्जुनरावांनी प्रभाकरच्या हातातून मला घेतलं. बारावा बुश डोळ्यांसमोर धरला आणि मला सरळ आत सोडलं.

"गेला," म्हणाले.

चहाचे कप घेऊन कौशल्याबाई दारात आल्या होत्या. सवयीनं विचारलं, "कोन गेला?" या वेळी कुणी हसलं नाही.

त्या चहावर जे भांडण झालं ते माझ्या कायमचं लक्षात आहे. प्रभाकर भडकला होता. "दारं बंद करा म्हणावं सरकारला! बाहेरच्या मालावर एवढी जकात लावा की इथं यायची छातीच होऊ नये. आपल्या माणसांनी खायचं काय?"

"काका, आपल्या चाकणच्या गाड्या जहाजानं बाहेर जातातच ना?" प्राजक्ता म्हणाली. "त्यांनी दारं लावली तर इथल्या किती लोकांच्या शिफ्ट बंद पडतील?"

"गाड्यांचं गाड्यांना. आमचं बोल."

"तुमचंच बोलते. हे गेज कुठल्या पोलादाचं आहे?"

झालं! सगळे माझ्याकडं वळले. प्रभाकर म्हणाला, "पोलाद कुठलंही असो, घासलंय चिंचवडच्या बाईनं. तिच्या हाताला काम मिळालं. मी हातांबद्दल बोलतोय, तू धातूबद्दल बोलतेस." मला विचाराल तर दोघांचंही मापात होतं.

तेवढ्यात बबनराव आले. त्यांनी महिन्यापूर्वीच शेतात नवी मोटर बसवली होती, बाहेरचीच, स्वस्तातली. प्रभाकरनं ते काढलंच. बबनराव चिडले. "आरं मंग काय करू? मला परवडली, घेतली. आन् तुमी दारं लावा म्हनताय, उद्या त्यांनीबी लावली तर माजा कांदा कुटं जायचा? मागं निर्यात बंद झाली तवा चाकणच्या बाजारात पिशव्यांवर बसून कोन रडत हुतं? मीच ना!" मग दादाकडं बघून त्यांचा आवाज एकदम खाली आला. "दादा, मला ठावं न्हवतं रं, त्या मोटरीत तुजा बुश न्हाई म्हनून. खरंच ठावं न्हवतं."

"आसूं दे," अर्जुनराव म्हणाले. "तू घेतलीस त्यात वावगं न्हाई. त्यांनीबी माप मारलं न्हाई. मला येवढंच कळंना, बरूबर काम करूनबी आपन हरलो कसं?"

प्राजक्तानं समजावायचा प्रयत्न केला. तिकडं एकेका कारखान्यात लाखांनी माल निघतो, मशीन थांबतच नाही, वीज स्वस्त पडते, सरकार पाठीशी असतं. अर्जुनरावांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्यांच्याकडं कुनी प्रभाकर आसंल का गं?" आणि उठून गेले.

सोमवारी प्राजक्तानं 'पास' लिहिलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती शेडमध्ये आली नाही. घरापुढून जाताना मान खाली घालून जायची. शेवटी अर्जुनरावांनीच हाक मारली. "पोरी, खोटं लिवलं आसतंस तर मी तुला दारात उभं केलं नसतं. ये आत."

पुढं दीड वर्ष त्यांनी शेड ओढली. दुसऱ्या कंपन्यांची दारं वाजवली, दुसरे जॉब धरले. पण सहाची चार माणसं झाली, चाराची दोन. शेवटी मशीन विकायचं ठरलं.

त्या दिवशी दारात ट्रक उभा होता. दोन लेथ चढवून झाली होती. तिसऱ्याशी प्रभाकर उभा. अर्जुनरावांना म्हणाला, "एक बुश काढतो. शेवटचा." त्यांनी मान हलवली.

मी किती बुश पाहिले, पण तसा नाही पाहिला. प्रभाकर मशीनला अंजारत गोंजारत होता. पितळेचा सोनेरी कीस त्याच्या मनगटावर उडत होता, तो झटकतसुद्धा नव्हता. बुश निघाला. तापलेला, फडक्यात धरलेला. बाहेरून ट्रकवाला ओरडला, "ओ काका, आटपा की राव! चाकण चौकात अडकलो तर संध्याकाळ हितंच व्हईल." मशीन काढायला माणसं आत आली होती. गार व्हायला वेळ कुठला?

प्रभाकरनं बुशकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. अर्जुनराव म्हणाले, "लाव."

आणि ज्या माणसानं आयुष्यभर गरम जॉबला गेज लावू दिलं नाही, त्यानं मला तापलेल्या बुशमध्ये घातलं. मी अलगद गेलो. सुस्कारा आलाच नाही. आत ऊब होती, रंभाबाईच्या हातासारखी. मग हळूहळू पितळ गार होत गेलं आणि त्यानं मला घट्ट आवळलं.

प्रभाकरनं ओढून पाहिलं. मी हललो नाही. "अडकलं," म्हणाला, आणि चष्मा काढून पुसत राहिला.

कौशल्याबाई दारातच होत्या. "तवा ठिवू का?" त्यांनी विचारलं.

"नगं," अर्जुनराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे आत."

तिसरं मशीनही ट्रकवर चढलं. प्रभाकरनं आपला डबा उचलला, दारापर्यंत गेला, वळला. तोंडातून निघालं, "जातो वहिनी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कौशल्याबाई एकदम गरजल्या. "जातो न्हाई म्हनायचं! येतो म्हना."

तो उंबऱ्याशी उभाच राहिला. त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सगळी माणसं थांबली होती, ट्रकवालासुद्धा. शेवटी कसंबसं म्हणाला, "येतो." आणि बसच्या वाटेला लागला.

आता शेड कुणा कंपनीला गोदाम म्हणून दिली आहे. छतापर्यंत खोकी रचलेली असतात. आत काय आहे ते मला माहीत नाही आणि विचारावंसं वाटत नाही. प्रभाकर आकुर्डीत एका सोसायटीच्या दारावर राखणीला बसतो. मधे एकदा आला होता. "गेजवरनं गेटवर आलो," म्हणून हसला, पण मला हातात घेतल्यावर कितीतरी वेळ खाली ठेवेना. त्याच्या हाताला आता तेलाचा वास येत नाही.

मी अर्जुनरावांच्या घरात, देवघराशेजारच्या फळीवर असतो. बुशसकट. गंज चढू नये म्हणून अर्जुनराव महिन्याला तेलाचं बोट फिरवतात. परवा खंडेनवमी झाली. पूजेला मशीन नव्हतं, म्हणून कौशल्याबाईंनी पाटावर मला ठेवलं, झेंडूचं एक फूल वाहिलं आणि कुंकवाचं बोट दांड्यावर टेकवलं. डोक्याला नाही लावलं. त्यांच्या लक्षात आहे, माप चुकतं म्हणून. प्राजक्ता शेजारी बसली होती. तिनं मला हळूच फिरवून पाहिलं आणि डोळे पुसले.

मला शेडची फार आठवण येते हो. तो ठसका, तो कीस, भिंतीपलीकडं भाकरी थापल्याचा आवाज. आणि तो सुस्कारा. पितळ आवळतं ते सहन होतं, पण कुणी काही मोजायला सांगत नाही, ते सहन होत नाही.

दारं उघडी ठेवायची की लावायची, ते तुम्ही शहाणी माणसं ठरवा. मला तेवढं मोठं माप येत नाही. माझं मागणं एकच आहे. कधी काळी या शेडमध्ये पुन्हा एखादं मशीन आलं आणि कुणी पितळेचा तुकडा चढवला, तर मला भंगारात टाकू नका. चुलीवर तवा ठेवा. मिनिटभराची ऊब पुरते.

मी गेलोय खरा, पण त्या दिवशी उंबऱ्यात प्रभाकर जे म्हणाला, तेच मीही आतून म्हणालो होतो. येतो.